कॉम्प्रेसर आणि घराणे : ध्वनिमुद्रित गायनाच्या समीक्षेतील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

वामनराव देशपांडे यांचा 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या या समीक्षकाने घराण्यांचा जणू ताळेबंदच मांडला आणि तो स्वर व लय या दोन खात्यांत मांडला. स्वराच्या टोकाला किराणा, लयीच्या टोकाला आग्रा, आणि दोहोंचा समतोल राखणारे जयपूर, ही त्यांची मांडणी आज संगीताच्या पदव्युत्तर वर्गांत जवळजवळ गृहीतकासारखी शिकविली जाते. तिच्यावर आक्षेप घेतले गेले, दुरुस्त्या सुचविल्या गेल्या. तरीही गायनाकडे पाहण्याची एक शिस्त तिने मराठी वाचकाला दिली, हे मान्य करावेच लागते.

मात्र वामनरावांच्या पिढीने ही मांडणी प्रामुख्याने मैफलीत बसून केली होती. आज आपण ती पडताळून पाहतो ती ध्वनिमुद्रिकांवरून. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, फैयाज खाँ १९५० मध्ये गेले. आजच्या प्राध्यापकाला काय किंवा विद्यार्थ्याला काय, किराणा आणि आग्रा यांतील मूळ भेद कळतो तो तबकडीतून, कॅसेटमधून, अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून. गायकाचा कंठ आणि आपला कान यांच्यामध्ये जी यंत्रे येतात, त्यांना आपली समीक्षा पारदर्शक काच समजते. माझ्या वाचनातील मराठी संगीतसमीक्षेत आवाजाचा लगाव, फेक, जवारी, दमसास, आकार यांविषयी जेवढे बारकाईने लिहिलेले आढळते, त्याच्या शतांशानेही या काचेविषयी लिहिलेले आढळत नाही.

प्रस्तुत लेखात या यंत्रांपैकी एकाचाच विचार करावयाचा आहे. ते यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर. मांडावयाचा मुद्दाही एकच आहे: ध्वनिमुद्रित गायनाचे स्वर-लय या अक्षावरील स्थान केवळ गायक ठरवीत नाही, मिक्सिंगच्या वेळी कोणता कॉम्प्रेसर निवडला आणि त्यात कोणते फेरफार केले, यावरही ते स्थान सरकते. त्यामुळे ही निवड केवळ तांत्रिक राहत नाही; तो गायनाचा एक अन्वयार्थ असतो, आणि म्हणून तो समीक्षेचा विषय व्हावयास हवा.

यंत्र काय करते?

मानव्यविद्येच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. रेडिओच्या आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसलेला एखादा दक्ष मनुष्य डोळ्यांसमोर आणावा. आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे चढला की तो बटण किंचित मागे फिरवितो. आवाज उतरला की पूर्ववत करतो. कॉम्प्रेसर हेच करतो. ज्या पातळीपासून त्याचे काम सुरू होते तिला थ्रेशोल्ड म्हणतात. आपण तिला उंबरठा म्हणू. किती प्रमाणात दाबावयाचे ते रेशो ठरवितो. रेशो चारास एक असेल, तर उंबरठ्याच्या वर चार डेसिबल चढलेला आवाज बाहेर पडताना एकच डेसिबल चढलेला असतो. दाबण्याची क्रिया किती त्वरेने सुरू व्हावी हा अटॅकचा काळ, आणि आवाज उतरल्यावर किती वेळात हात सैल सोडावा हा रिलीजचा काळ. शेवटी एकंदर पातळी पुन्हा वर उचलली जाते. परिणामी मोठे आवाज होते तेथेच राहतात आणि लहान आवाज वर येतात. हे दुसरे कार्य सहसा विसरले जाते. कॉम्प्रेसर मोठ्याला लहान करतो असे आपण म्हणतो. ऐकणाऱ्याला जाणवते ते मात्र लहानाचे मोठे होणे. श्वास, ओठांची उघडझाप, अक्षराची शेपटी, मागचा तानपुरा, सारे पुढे येते.

हे यंत्र संगीतासाठी जन्मले नाही. त्याचा उगम ध्वनिक्षेपणात आहे. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात वाहक लहरीचे मॉड्युलेशन शंभर टक्क्यांपलीकडे गेले की आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्रांना उपद्रव होतो. म्हणून प्रक्षेपकाच्या आधी मर्यादा घालणारे यंत्र बसविणे भाग पडते. आपल्या शहराला हा विषय परका नाही. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले; पुढे १९८८ पासून २०१९ पर्यंत आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा १५६६ किलोहर्ट्झवर नागपूरच्या एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून रात्रभर देशभर ऐकू येत असे. रात्री उशिरा त्या लहरीवर ऐकलेली गाणी आजही माझ्या कानात आहेत, आणि ती सारी जणू एकाच अंतरावरून, एकाच उंचीवरून गायिलेली वाटत. त्या वेळी मी त्याचे श्रेय रात्रीच्या शांततेला देत असे.

यंत्रापूर्वीही हे कार्य होतच होते. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा विद्युत् नव्हती. कर्ण्यात गावे लागे, आणि तार स्वरावर मान मागे घेणे हा त्या कलेचाच भाग होता. 'महल' (१९४९) मधील लता मंगेशकर यांच्या सुप्रसिद्ध गीताच्या वेळी त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या, ही हकिकत सर्वश्रुत आहे. दुरून जवळ येणारा आवाज तेथे पावलांनी घडविला होता. तेव्हा 'पूर्वी काहीच केले जात नसे' हा युक्तिवाद टिकत नाही. फरक एवढाच की पूर्वी हे नियमन गायकाच्या देहाकडे होते. आज ते दुसऱ्याच्या हाती आहे.

निवडीचा प्रश्न

गायनासाठी ज्या यंत्रांची नावे पुन्हापुन्हा घेतली जातात ती फार नाहीत. १९५९ च्या सुमारास राईन नार्मा यांनी रचलेला फेअरचाइल्ड हा त्यांतील राजवाडा. त्याच्या ६७० या प्रतिमानात वीस व्हॉल्व्ह आणि अकरा ट्रान्स्फॉर्मर असून वजन तीस किलोच्या घरात आहे. आपल्याकडील सामान्य स्टुडिओच्या आवाक्यातील ती वस्तू नव्हे. येथे तिचा केवळ उल्लेख पुरे. विचार करावयाचा तो तीन यंत्रांचा: टेलिट्रॉनिक्सचा एलए-२ए, बिल पटनम यांचा १९६७ मधील ११७६, आणि १९७६ मध्ये आलेला डीबीएक्स १६०. यांच्या मूळ प्रती दुर्मीळ झाल्या असल्या, तरी त्यांच्या पुनर्निर्मित आवृत्त्या, सुट्या भागांतून जुळविलेल्या प्रतिकृती आणि संगणकीय नकला आज सर्वत्र आढळतात. पटनम यांच्या मुलांनी १९९९ मध्ये युनिव्हर्सल ऑडिओ ही कंपनी पुन्हा उभी केल्यानंतर या प्रवाहाला मोठी गती मिळाली.

एलए-२ए मध्ये आवाजाचे रूपांतर प्रथम प्रकाशात होते. आवाज वाढला की आतील चकती उजळते, तिच्यासमोरील प्रकाशसंवेदी घटकाचा रोध घटतो आणि आवाज दाबला जातो. या व्यवस्थेला स्वतःचा असा आळस आहे. दाबण्यास तिला सरासरी दहा मिलिसेकंद लागतात. सोडताना अर्धा दाब सुमारे साठ मिलिसेकंदांत जातो आणि उरलेला अर्धा हळूहळू, अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत. शिवाय दाब जितका जास्त वेळ राहिला असेल, तितका तो उतरण्यास अधिक वेळ घेतो. अटॅक आणि रिलीज यांसाठी त्यावर बटणेच नाहीत. ११७६ ची प्रकृती याच्या नेमकी उलट. त्यात फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर असून अटॅक एका सेकंदाच्या वीस दशलक्षांशापर्यंत त्वरित होऊ शकतो, आणि रिलीज पन्नास मिलिसेकंदांपासून १.१ सेकंदापर्यंत ठेवता येतो. या यंत्राची एक खोड लक्षात ठेवावी. त्याच्या बटणांवरील सात हा आकडा सर्वाधिक मंद नसून सर्वाधिक त्वरित आहे. वर्षानुवर्षे काम करणारेही येथे फसतात. डीबीएक्स १६० आवाजाची सरासरी शक्ती मोजतो, आणि आवाज उंबरठ्याच्या किती वर गेला त्यानुसार त्याचा अटॅक बदलतो: दहा डेसिबल वर गेला तर पंधरा मिलिसेकंद, वीस डेसिबल गेला तर पाच.

आता हे आकडे आपण वामनरावांच्या अक्षावर ठेवून पाहू.

आग्रा गायकीचे बलस्थान बोलाच्या आघातात आहे. बोलबाँटात शब्द लयीवर फेकला जातो. त्याच्या आरंभी जोर असतो, मग स्वर ओसरतो. हा आरंभीचा जोर काही मिलिसेकंदांचा खेळ आहे. त्याच्यावर ११७६ सर्वाधिक त्वरित अटॅकवर लावला, तर आघात उमटण्यापूर्वीच दाबला जातो. आणि रिलीजही पन्नास मिलिसेकंदांवर असेल, तर आघातानंतरचा ओसरता स्वर लगेच वर उचलला जातो. म्हणजे जे मोठे होते ते लहान झाले आणि जे ओसरत होते ते टिकून राहिले. शब्द उरला, बाँट गेली. ऐकणाऱ्याला अखंड, भरीव, न तुटणारा स्वर ऐकू येतो. अक्षावर सांगावयाचे तर गायन लयीच्या टोकाकडून स्वराच्या टोकाकडे सरकले. याउलट डीबीएक्ससारखे यंत्र पंधरा मिलिसेकंद थांबून मग दाबते. आघात सुटून जातो आणि त्यामागचा स्वर तेवढा खाली येतो. ज्या कारणासाठी हे यंत्र ढोल-तबल्यासाठी प्रिय आहे, त्याच कारणाने ते किराण्याच्या संथ आलापीला टोचऱ्या सुरुवाती बहाल करू शकते. गायन लयीकडे सरकले, आणि गायिकेने मात्र काहीही केलेले नाही.

किराणा गायकीची हानी वेगळ्या ठिकाणी होते. तेथे एकाच स्वरावर तीन-चार सेकंदांचा फुगारा असतो. स्वर शांतपणे उगवतो, भरतो आणि विरतो. या कालमापात अटॅक-रिलीजच्या बटणांना फारसे महत्त्व उरत नाही. उंबरठा खाली असला आणि रेशो कडक असला, की कोणतेही यंत्र तो फुगारा सपाट करते. म्हणूनच 'गायनाला एलए-२ए नेहमीच सुरक्षित' हा जो समज आढळतो, तो अर्धवट आहे. एलए-२ए आघात वाचवितो. फुगारा वाचविण्याची हमी देत नाही. तेथे हात आखडता घेणे, म्हणजे दोन-तीन डेसिबलपेक्षा अधिक न दाबणे, हाच एक मार्ग उरतो.

तानेचे गणित आणखी बोलके आहे. सेकंदाला आठ स्वर या गतीची तान घेतली, तर प्रत्येक स्वराला १२५ मिलिसेकंद मिळतात. पन्नास मिलिसेकंदांच्या रिलीजवर यंत्र प्रत्येक स्वरागणिक दाबते आणि सोडते. तानेतील वजनदार आणि हलके स्वर एका उंचीचे होतात. मण्यांची माळ दिसते, पण मेरुमणी हरवतो. एलए-२ए चा उरलेला अर्धा दाब मात्र सेकंदभर रेंगाळतो, त्यामुळे सबंध तान एकाच सावलीखाली येते आणि तिच्या अंतर्गत चढउतारांचा बराच भाग शाबूत राहतो. जयपूर घराण्याची पेचदार तान, जिचे सौंदर्य या अंतर्गत वजनांतच आहे, कोणत्या यंत्रातून गेली हे ठाऊक नसताना तिच्याविषयी निर्णय देणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

येथे इतिहासाकडे एक कटाक्ष टाकावासा वाटतो. अब्दुल करीम खाँ यांची १९३० च्या दशकातील विद्युत्-ध्वनिमुद्रणे आजही श्रोत्याला भारून टाकतात. उलट फैयाज खाँ यांच्याविषयी, त्यांच्या तबकड्या त्यांच्या मैफलीची कल्पना देत नाहीत, अशी खंत जाणकार पूर्वीपासून व्यक्त करीत आले आहेत. त्या काळच्या तबकडीत मोठ्या-लहान आवाजांतील अंतर सामावण्याची क्षमता फार थोडी होती. जी गायकी त्या अंतरावर कमी अवलंबून होती ती तबकडीत मावली. जी अवलंबून होती ती बाहेर राहिली. स्वरप्रधान गायकीला विसाव्या शतकात जी लोकमान्यता लाभली, तिच्या कारणांत या तांत्रिक पक्षपाताची नोंद व्हावयास हवी, असे मला वाटते. हा किराण्याचा अवमान नव्हे. त्या गायकीचे मोठेपण यंत्रावर उभे नाही. परंतु यंत्राने तिच्या प्रतिस्पर्ध्याचे पाय बांधले होते, एवढेच म्हणावयाचे आहे.

शब्दाचा प्रश्न

मराठीच्या अध्यापकाला याहून जवळचा प्रश्न शब्दाचा आहे. भावगीत आणि गझल यांत शब्द पोहोचलाच पाहिजे, म्हणून तेथे कॉम्प्रेशन अधिक केले जाते आणि ते योग्यही आहे. वाद्यमेळाच्या वर आवाज स्थिर ठेवण्यास दुसरा उपाय नाही. परंतु मराठीचे उच्चार या यंत्राची परीक्षा पाहतात. 'चंद्र' मधील च तालव्य आहे, 'चांदणे' मधील दंततालव्य. दोहोंतील फरक स्फोटानंतरच्या घर्षणात आहे आणि ते घर्षण उंच कंपनांचे, अल्पकाळाचे व स्वराच्या मानाने लहान असते. रिलीज त्वरित ठेवला की हे घर्षण स्वराच्या बरोबरीला येते आणि 'चांदणे' कानाला कापू लागते. 'काल' आणि 'काळ' यांतील भेद एका अंशी जिभेच्या उलट्या फटकाऱ्यामुळे आवाजात पडणाऱ्या क्षणिक खाचेत असतो. खाच भरून काढणे हाच तर त्वरित रिलीजचा धर्म. महाप्राण व्यंजनांचा प्राण फुगतो, आणि ओळीच्या अखेरीस घेतलेला श्वास पुढच्या ओळीच्या पहिल्या अक्षराइतका मोठा ऐकू येतो.

गझलेत याचे परिणाम अधिक दूरवर जातात. नागपूरकर सुरेश भट (१९३२–२००३) यांनी मराठी गझलेला जे रूप दिले, त्यात रदीफ पुन्हापुन्हा येतो आणि दर वेळी वेगळ्या वजनाने येतो. चांगली गायिका रदीफ कधी टाकते, कधी नुसता स्पर्श करते, कधी त्यावर थांबते. शेराच्या अर्थाची कळ पुष्कळदा या वजनभेदात असते. हे सगळे रदीफ यंत्राने एका उंचीवर आणले, तर गझलेत नुसती पुनरावृत्ती उरते. शेर पोहोचतो, शेरातील बोलण्याची ढब पोहोचत नाही.

फेरफार

यंत्र जसे मिळाले तसे वापरलेच पाहिजे असे नाही. जाणते तंत्रज्ञ त्यात बदल करतात आणि या बदलांतही अन्वयार्थ दडलेला असतो. अमेरिकेतील ११५ व्होल्टचा जुना संच आपल्या २३० व्होल्टवर आणणे ही केवळ विजेची सोय झाली. तिच्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही.

खरा महत्त्वाचा फेरफार नियंत्रणमार्गात केला जातो. कॉम्प्रेसरमध्ये आवाज दोन वाटांनी जातो. एका वाटेने तो बाहेर पडतो, दुसऱ्या वाटेने यंत्र त्याची मापणी करते. या दुसऱ्या वाटेवर गाळणी बसविली, तर यंत्राला काही कंपने ऐकूच येत नाहीत आणि त्यांच्यामुळे ते दाबत नाही. बाहेर पडणाऱ्या आवाजातून मात्र ती कंपने गाळली जात नाहीत. मैफलीच्या एकत्रित ध्वनिमुद्रणात बायाँच्या घुमाऱ्याने गायकाचा आवाज प्रत्येक समेवर दबतो, हा अनुभव अनेकांचा असेल. त्यावर हा उपाय आहे. पण किती कंपनांवर गाळणी लावावी? पुरुष गायकाचा षड्ज काळी एक असेल, तर त्याची कंपने सेकंदाला सुमारे १३९, मंद्र पंचमाची १०४ आणि मंद्र षड्जाची ६९. गाळणी १५० वर ठेवली, तर मंद्र सप्तकच नव्हे, मध्य षड्जाचे मूळ कंपनही यंत्राच्या दृष्टीआड जाते. वरचे उपस्वर यंत्राला ऐकू येत असल्याने ते पूर्ण बहिरे होत नाही. तरी मंद्रातील स्वर कमी दाबले जातात आणि गायक खाली उतरला की आवाज पसरतो. पाश्चात्त्य पॉप गायनासाठी ठरविलेले हे आकडे जसेच्या तसे उचलणे धोक्याचे आहे. गायकाची पट्टी विचारून गाळणी लावावी, ही साधी गोष्ट मी ज्या थोड्या स्टुडिओंत बसलो तेथे कोणी केलेली पाहिली नाही. तबलजीला पट्टी विचारली जाते; ध्वनिमुद्रकाला कोणी सांगत नाही.

याच्या उलट दिशेचा फेरफार मूळ एलए-२ए मध्येच ठेवलेला आहे. आर-३७ या नावाचा एक स्क्रू आत आहे. तो फिरविला की यंत्र खालच्या कंपनांकडे कमी आणि उंच कंपनांकडे अधिक लक्ष देऊ लागते. एफएम प्रक्षेपणाची गरज म्हणून तो दिला होता. आज तो स, श, च यांचे घर्षण आवरण्यास उपयोगी पडतो. वर सांगितलेल्या 'चांदण्या'वर हा निम्मा उतारा आहे. निम्मा अशासाठी, की हा स्क्रू घर्षणाबरोबर सबंध आवाज दाबतो. फार फिरविला तर स्वच्छ उच्चार करणाऱ्या गायिकेला तिच्याच स्वच्छतेची शिक्षा मिळते.

तिसरा फेरफार म्हणजे दाबलेला आणि न दाबलेला आवाज एकत्र करण्याचे बटण बसविणे. मूळ यंत्रांत ते नव्हते, नव्या प्रतिकृतींत पुष्कळदा असते. यात मूळ आवाजाचे आघात आणि फुगारे कायम राहतात व खालून दाबलेला आवाज त्यांना आधार देतो. जवळजवळ तानपुऱ्यासारखा. ख्यालासाठी मला हा मार्ग सर्वांत कमी हिंसक वाटतो. मात्र एकत्रित ध्वनिमुद्रणावर तो अवलंबिला, तर गायक थांबताच तानपुरा भरतीच्या पाण्यासारखा वर येतो आणि विराम भरून टाकतो. ख्यालातील विराम रिकामा नसतो, परंतु तो तानपुऱ्याने भरलेलाही नसतो. म्हणून आवाजाचा मार्ग वेगळा असेल तरच हा उपाय करावा.

एवढे दाबण्याची गरज तरी किती, हा प्रश्न आता नव्याने विचारता येतो. कॅसेट आणि रेडिओच्या काळात तांत्रिक मर्यादा होत्या. पुढे सीडीच्या काळात शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे मोठे वाजावे ही स्पर्धा होती. २००६ मध्ये आवाजाची जाणवणारी पातळी मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि त्यानंतर इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या मोठ्या सेवांनी सर्व गाणी एका पातळीला आणून वाजविण्यास आरंभ केला. आता फार दाबलेले गाणे मोठे वाजत नाही. ते केवळ खाली आणले जाते. कारण संपले, सवय उरली.

एक अनुभव

दोन वर्षांपूर्वी एका सहकारी प्राध्यापिकेच्या विनंतीवरून मी शहरातील एका लहान स्टुडिओत बसलो होतो. आग्रा घराण्याची तालीम घेतलेल्या एका विद्यार्थिनीने राग नटबिहाग गायिला होता आणि तिचा आवाज स्वतंत्र मार्गावर घेतलेला होता. स्टुडिओत सुट्या भागांतून जुळविलेली ११७६ ची प्रतिकृती होती व एक प्रकाशघटकाचा संच होता. माझ्या आग्रहावरून तेथील तरुण ध्वनिमुद्रकाने दोन मिक्स केले. पहिला ११७६ वर, दोन्ही बटणे साताच्या आकड्यावर. दुसरा प्रकाशघटकाच्या संचावर, काटा तीन डेसिबलच्या पलीकडे जाऊ न देता. दोन्हींची एकंदर पातळी कानाने सारखी केली.

ते आम्ही संगीत विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांना काही न सांगता ऐकविले. पहिल्यावर ते म्हणाले, "आवाज छान लागलाय. किराण्याची तालीम का?" दुसरा ऐकताना त्यांनी मध्येच मांडीवर हात टाकून सम दाखविली. एका श्रोत्याच्या प्रतिक्रियेवरून सिद्धान्त मांडता येत नाही याची मला जाणीव आहे. पण घराण्याची ओळख सांगण्यात ज्यांचा हातखंडा, त्यांचा अदमास पहिल्या वेळी यंत्राच्या दिशेने गेला, हे मी विसरू शकत नाही.

येथे अध्यापनाचा प्रश्न उपस्थित होतो. गुरुगृही राहून शिकणे आता अपवादात्मक झाले आहे; आपले विद्यार्थी आठवड्यातून दोन तास वर्गात आणि उरलेला वेळ कानात यंत्र घालून शिकतात. ते ज्याचे अनुकरण करतात त्यात गायक किती आणि कॉम्प्रेसर किती, हे त्यांना कोणी सांगत नाही. श्वास न घेता गायिल्यासारखी सपाट, भरीव तान कंठात आणण्यासाठी झटणारी मुले मी पाहिली आहेत; ज्या तानेसाठी ती झटतात, ती कदाचित कोणत्याच कंठातून निघालेली नसते. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तबला, संवादिनी, तानपुरा यांची साथ कोणाची हे छापण्याची प्रथा आहे. त्याच यादीत कॉम्प्रेसरचे नाव आणि त्याची मांडणी छापली, तर समीक्षकाला निदान प्रश्न विचारता येईल. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील श्रवणाच्या तासाला एकच ध्वनिमुद्रण दोन मांडण्यांत ऐकविणे तर आजही शक्य आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, संगणकीय नक्कल पुरते.

त्या दिवशी दोन्ही मिक्स शेवटी विद्यार्थिनीसमोर ठेवले आणि स्पर्धेसाठी कोणता पाठवायचा हे तिलाच ठरविण्यास सांगितले. तिने दोन्ही पूर्ण ऐकले, दुसरा पुन्हा एकदा ऐकला आणि पहिला निवडला. सहकारी प्राध्यापिकेने कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, हा रेकॉर्डसारखा वाटतो."